एकबारी रायफल आणि हजार यार्डांचा नेम

मराठींत ‘नेम’ हा शब्द मोठा मासलेवाईक आहे. पहांटे उठण्याचा आपण नेम करतों, तेव्हां त्याचा अर्थ नियम. पावसाचा नेम नाहीं असें म्हणतों, तेव्हां अर्थ खात्री. आणि कैरी पाडण्यासाठीं मुलगा दगड उचलतो, तेव्हां तो नेम धरतो. हे तीनही अर्थ ज्या एका खेळांत एकत्र आलेले दिसतात, त्याची माहिती प्रस्तुत लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. हा खेळ म्हणजे जुन्या धाटणीच्या एकबारी रायफलीनें ८००, ९०० व १००० यार्डांवरील लक्ष्याचा वेध घेणें. तो मूळचा आपल्याकडचा नव्हे. त्याचें घर इंग्लंड, आयर्लंड व अमेरिका या देशांत आहे.

प्रथम अंतराची कल्पना यावी. यार्ड म्हणजे कापड मोजण्याचा आपला वार. असे हजार वार म्हणजे सुमारें ९१४ मीटर. ज्या क्रीडांगणाचा फेरा २०० मीटरांचा आहे, त्याचे साडेचार फेरे सरळ रेषेंत उलगडावे आणि त्या टोकाशीं ३६ इंच व्यासाची काळी चकती उभी करावी. ३६ इंच म्हणजे एक यार्ड. तेव्हां चकती अंतराच्या हजाराव्या हिश्शाएवढी झाली. टेबलावर आपल्यापासून एक मीटर अंतरावर मोहरीचा अगदीं बारीक दाणा ठेविला, तर तो जेवढा दिसेल तेवढीच ती चकती नेमबाजाला दिसते. तिच्यावर गोळी मारावयाची, आणि तीही रायफलीवर दुर्बीण न लावतां.

साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळींत मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या खोबणी कोरलेल्या असतात. गोळी त्यांत घट्ट बसून पुढें रेटली जाते, तेव्हां ती स्वतःभोंवतीं फिरूं लागते. आणि फिरता भोंवरा जसा आरीवर उभा राहतो, तशी ती लांबट गोळी नाक पुढें ठेवून हवेंतून जाते. दीड फुटांत एक वळसा घेणाऱ्या नळींतून सेकंदाला १३०० फूट वेगानें सुटलेली गोळी दर सेकंदास आठशेंहून अधिक गिरक्या घेते. भोंवरा मंदावला कीं लवंडतो, आणि गोळीही नीट फिरली नाहीं तर तसेंच करते.

एकबारी म्हणजे एका वेळीं एकच बार भरतां येणारी. पुढचा बार काढावयाचा तर पुन्हां हातानें भरलें पाहिजे. १८५७ सालीं ज्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पेटला, तीं काडतुसें एन्फील्ड नांवाच्या अशाच ठासणीच्या रायफलीचीं होतीं. दांतांनीं कागद फोडावयाचा, दारू नळीच्या तोंडांतून ओतावयाची आणि वरून गोळी गजानें ठासावयाची, असा तो प्रकार. पुढें मागून भरण्याच्या युक्त्या निघाल्या. ख्रिश्चन शार्प्स या अमेरिकन कारागिरानें १८४८ सालीं पेटंट घेतलेल्या रचनेंत चापाभोंवतालची कडी खालीं ओढली कीं नळीमागचा पोलादी ठोकळा खोबणींतून खालीं उतरतो व नळीचें मागचें तोंड उघडें पडतें. तेथें काडतूस सारावें, कडी वर घ्यावी, कीं दार बंद. रेमिंग्टन कारखान्याच्या रायफलींत हाच ठोकळा आंगठ्यानें मागें लोळवावयाचा असतो. १८८० नंतरच्या दशकांत धूर न करणारी दारू आणि एकामागून एक काडतुसें पुरविणारी पेटी आली, तेव्हां सैन्यांतून या रायफली गेल्या. खेळांत मात्र त्या राहिल्या.

आतां नेम कसा धरतात तें पाहूं. हजार यार्ड तोडावयास या जड, मंद गोळीला सुमारें तीन सेकंद लागतात, आणि तीन सेकंदांत पृथ्वी तिला शंभराहून अधिक फूट खालीं ओढते. म्हणून नळी वर रोखावी लागते. वाटेंत मध्यावर गोळी नेमाच्या रेषेच्या ३५ ते ४० फूट वरून, म्हणजे तिमजली घराच्या छपरावरून जावी तशी, कमान करून जाते. हा चढ देण्यासाठीं दस्त्याच्या मानेवर एक उभी पट्टी असते. तिच्यावर बारीक भोंक पाडलेली चकती वरखालीं सरकते, आणि ती किती सरकली हें व्हर्नियरवर वाचतात. आपल्या विज्ञानशाळेंतील व्हर्नियर पाहून ‘याचा व्यवहारांत उपयोग काय?’ असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. मागची चकती व नळीच्या टोकाची माशी यांत ३६ इंच अंतर आहे असें समजा. चकती इंचाचा शंभरावा भाग वर सरकली, तर हजार यार्डांवर गोळी किती वर लागेल? उत्तर १० इंच. केसाएवढी चूक तेथें वीतभर होते, ती अशी.

माशीपाशीं एक इवलीशी पाणसळ बसविलेली असते, गवंडी वापरतात तशीच, कांचेच्या नळींत बुडबुडा असलेली. तिचें कारण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. नळी वर रोखलेली असतांना रायफल बाजूला कलली, तर तो चढ अंशतः आडवा होतो. एका अंशाच्या कलण्यानें गोळी दोन फुटांहून अधिक बाजूला जाते, आणि चकतीच्या मध्यापासून कांठ तर अवघा दीड फूट.

तथापि सर्वांत मोठी अडचण वाऱ्याची. ताशीं १० मैलांचा आडवा वारा या गोळीला हजार यार्डांत सुमारें १० फूट ढकलतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज ताशीं दोन मैलांनीं चुकला, तरी गोळी चकतीबाहेर गेली. ताशीं दोन मैलांचा वारा गालाला जेमतेम कळतो! शिवाय वारा सर्व मैदानभर सारखा नसतो. आपल्यापाशीं निशाण स्वस्थ लोंबत असतें, तर मध्यावरचें गवत वांकलेलें असतें. म्हणून नेमबाज जवळ ठेविलेल्या दुर्बिणींतून मृगजळाच्या लाटा कोणत्या बाजूला वाहतात तें पाहतो, निशाणें पाहतो, झाडांचे शेंडे पाहतो, आणि मग चाप ओढतो. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज कांहींच दिसलें नाहीं, म्हणून तो उत्तीर्ण झाला. क्रीडमूरच्या मैदानावर तो नापास झाला असता. येथें झाड, फांदी, पानें, सर्व दिसलें पाहिजे. डोळा सर्वांत शेवटीं.

अशी रायफल बाळगणारा मनुष्य अर्धा कारागीर असतो. गोळ्या तो बहुधा घरींच ओततो. शिशांत थोडें कथील घालून, वीस भाग शिशाला एक भाग या बेतानें, तो रस साच्यांत ओततो. थंड झालेली प्रत्येक गोळी तोलतो, आणि जिच्यांत हवेचा बुडबुडा राहून वजन कमी भरलें ती पुन्हां कढईंत टाकतो. अशी गोळी ५०० ग्रेनांच्या आसपास, म्हणजे आपले पावणेतीन तोळे, भरते. कित्येक जण गोळीला पातळ पण चिवट कागदाचे दोन ओले वेढे देतात. वाळल्यावर तो कागद गोळीला असा आंवळून बसतो, कीं नळींत शिशाचा पोलादाला स्पर्शच होत नाहीं. बार निघाला म्हणजे खोबणींनीं कापलेल्या कागदाच्या चिंध्या नळीपुढें उडतांना दिसतात. सोनाराची चिकाटी ज्याला नाहीं, त्यानें या वाटेला न जाणें बरें.

दारू काळी, सोरा, कोळसा व गंधक यांची. ती जळल्यावर तिचा अर्ध्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपानें उरतो आणि नळींत बसतो. कोरड्या हवेंत ही राख कडक होते व पुढच्या गोळीचा मार्ग बिघडविते. म्हणून प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्यानें नळी पुसावी, नाहीं तर एक पोकळ नळकांडें मागच्या तोंडाला लावून त्यांतून सावकाश श्वास सोडावा, म्हणजे तोंडच्या वाफेनें राख मऊ राहते. किती श्वास सोडावयाचे हेंही ठरलेलें असतें. एकदां चार आणि एकदां सात असें करून चालत नाहीं. संध्याकाळीं नळी पाण्यानें धुवून, कोरडी करून तेल लाविलेंच पाहिजे. ती राख हवेंतील ओल शोषून घेते, आणि एका रात्रीच्या आळसाची खूण नळींत कायमची उरते. याखेरीज एक वही. तींत तारीख, हवा, वाऱ्याची दिशा, व्हर्नियरचा आंकडा आणि गोळी कोठें लागली हें दर बाराला टिपावयाचें. लेखाच्या आरंभीं नेम या शब्दाचे जे अर्थ सांगितले, त्यांतला नियमाचा अर्थ येथें लागू पडतो.

आतां त्या प्रसिद्ध सामन्याकडे वळूं. इंग्लंडांत १८५९ सालीं राष्ट्रीय रायफल मंडळ स्थापन झालें, आणि १८६० च्या जुलै महिन्यांत विंबल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीनें पहिला बार काढून त्याच्या सामन्यांस आरंभ केला. तेथील एल्को ढाल या बक्षिसासाठीं इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड यांचे संघ लांब अंतरावर झुंजत. १८७३ सालीं ती ढाल आयर्लंडनें जिंकली. जिंकल्यावर आयरिशांना वाटलें कीं आतां अमेरिकनांना पाहावें. मेजर लीच यांनीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांतून आव्हान दिलें. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नांवाच्या कुटुंबाचें शेत विकत घेऊन क्रीडमूरचें मैदान त्याच वर्षीं सुरू झालें होतें. तेथल्या एका हौशी क्लबानें आव्हान स्वीकारलें. त्यांतील बहुतेकांना हजार यार्डांचा अनुभव नव्हता, आणि त्या कामाच्या रायफलीही त्यांच्यापाशीं नव्हत्या. शार्प्स व रेमिंग्टन या दोन कारखान्यांनीं त्या मुद्दाम तयार करून दिल्या. त्या मागून भरावयाच्या होत्या. आयरिशांच्या रायफली डब्लिनच्या जॉन रिग्बी यांनीं घडविलेल्या, ठासणीच्या. आणि रिग्बी स्वतः संघांत होते. ठासणींत नळी दर वेळीं पुसली जाते व गोळी हातानें नेमकी बसवितां येते, म्हणून लांबच्या नेमाला तीच खरी, असें जाणत्यांचें मत होतें.

२६ सप्टेंबर १८७४ रोजीं सामना झाला. दोन्ही बाजूंस सहा सहा जण. ८००, ९०० व १००० यार्डांवर प्रत्येकीं १५ बार. मध्याला ४ गुण, त्याबाहेर ३, त्याहून बाहेर २. सर्व गोळ्या मध्यास लागल्या तर संघाचे १०८० गुण झाले असते. पाहावयास हजारों लोक लोटले होते. पहिल्या अंतरावर अमेरिकनांचे ३२६ आणि आयरिशांचे ३१७. मग ९०० यार्डांवर मिल्नर या आयरिश नेमबाजाची गोळी बरोबर मध्यावर लागली, परंतु शेजारच्या लक्ष्याच्या! नियमाप्रमाणें गुण शून्य. तरीही त्या अंतरावर आयरिश ३१२ व अमेरिकन ३१० असे राहिले. हजार यार्डांवरही आयरिशांनीं उचल खाल्ली. त्यांचे सर्व बार संपले तेव्हां एकूण बेरीज ९३१ झाली. अमेरिकनांचे ९३० होते, आणि एक बार शिल्लक होता.

तो बार कर्नल बोडाइन यांचा. थोड्या वेळापूर्वीं जिंजर बिअरची बाटली हातांत फुटून त्यांचा तळहात कापला होता व रक्त वाहत होतें. जखमेला रुमाल गुंडाळून ते जमिनीवर निजले. गोळी लक्ष्याला लागली नाहीं, तर एका गुणानें हार. कोठेंही लागली तर जीत. त्यांनीं चाप ओढला. गोळी पोंचावयास तीन सेकंद, आणि लोखंडी पत्र्यावरचा आवाज परत यावयास आणखी पावणेतीन. इतका वेळ त्या हजारों लोकांनीं कसा काढला असेल याची कल्पनाच करावी. लक्ष्यापाशीं पांढरी तबकडी वर आली. मध्य! ९३४ विरुद्ध ९३१.

मागून भरावयाच्या रायफलीनें ठासणीच्या रायफलीवर विजय मिळविला, असा अर्थ तेव्हां पुष्कळांनीं काढला, व अजूनही काढतात. आंकडे तसें सांगत नाहींत. पहिल्या अंतरावर अमेरिकन ९ गुणांनीं पुढें होते. पण ९०० यार्डांवर आयरिश २ नीं आणि हजार यार्डांवर ४ नीं सरस ठरले. अंतर वाढलें तशी जुनी रायफल मागें पडली नाहीं, पुढेंच आली. आणि फरक किती, तर ३ गुण. मिल्नरच्या एका गोळीचे ४ गेले होते. ते मिळाले असते, तर बोडाइन यांनीं मध्य गांठूनही अमेरिका एका गुणानें हरली असती. मिल्नरच्या रायफलींत दोष नव्हता, डोळ्यांत नव्हता, हातांतही नव्हता. कोणत्या लक्ष्यावर मारावयाचें तेवढें पाहावयाचें राहिलें. उत्तरपत्रिकेंत तिसऱ्या प्रश्नाचें उत्तम उत्तर चौथ्या प्रश्नाखालीं लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात, त्यांना हें दुःख समजेल.

आयरिशांचें वागणें मात्र लक्षांत ठेवण्याजोगें होतें. मेजर लीच यांनीं सामन्याच्या दिवशींच अमेरिकन नेमबाजांना एक रुप्याचा चषक भेट दिला, आणि ‘लीच कप’ या नांवानें त्यासाठीं हजार यार्डांवर सामने होतात. दुसऱ्या वर्षीं, १८७५ सालीं, अमेरिकन संघ डब्लिनजवळ डॉलीमाउंटला जाऊन पुन्हां जिंकला; आणि १८७६ सालीं क्रीडमूरवर स्कॉटलंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका असे पांच संघ जमले. त्या वेळच्या स्मृतिचिन्हावर ‘पाल्मा’ हा लॅटिन शब्द कोरला होता. तोच पाल्मा सामना, तींच तीन अंतरें, आणि एकेक काडतूस हातानें भरण्याची तीच चाल आजही चालू आहे. रायफली व दारू मात्र नव्या.

एक गोष्ट झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. ज्या दशकांत क्रीडमूरवर लोखंडी पत्र्यांवर नेम धरला जात होता, त्याच दशकांत शार्प्स रायफलींनींच अमेरिकेच्या पश्चिम मैदानांतील बायसन नांवाचे रानगवे लाखोंनीं मारले गेले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचें अन्न नाहींसें झालें. अमेरिकेंत १९८५ पासून जुन्या रायफलींचे जे सामने होतात, त्यांत कोंबडी, डुक्कर, टर्की व मेंढा यांच्या आकाराचे पोलादी पत्रे २०० ते ५०० मीटरांवर उभे करून पाडतात. पत्रा पाडणें हें केव्हांही अधिक चांगलें.

मूळच्या रायफली आतां महाग व जपून वापरण्याच्या वस्तू झाल्या आहेत, म्हणून माँटाना प्रांतांत बिग टिंबर या लहानशा गांवीं जुन्या शार्प्सच्या नमुन्यावर नव्या रायफली घडवितात. १८९८ किंवा त्यापूर्वीं बनलेली रायफल अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यांत पुराणवस्तु मानली जाते. इंग्लंडांत ती भिंतीवर टांगण्यास हरकत नसली, तरी तिनें बार काढावयाचा तर पोलिसांचें प्रमाणपत्र लागतें. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं, मग ती ठासणीची कां असेना. आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर सांपडली, तर मुलांनीं तिला हात न लावतां प्रथम वडील मंडळींस सांगावें. जुन्या नळींत भरलेला बार तसाच राहून गेलेला असूं शकतो.

क्रीडमूरचें मैदान आतां उरलें नाहीं. त्या जागीं मनोरुग्णांचें मोठें इस्पितळ उभें आहे. एकबारी रायफल मात्र आपल्या समजुतीपेक्षां जवळ आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें ज्या प्रकारांत जगज्जेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्याचेच स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत ज्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, तो ५० मीटर रायफलीचा खेळ. त्याच्या नियमांत काडतुसांची पेटी चालत नाहीं. प्रत्येक गोळी हातानेंच भरावी लागते. अंतर थोडें, पण दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटरांचें. मघाचा मोहरीचा दाणा एक मीटरावर ठेविलेला आहेच. त्याचे पांच भाग करून एक ठेवावा, म्हणजे कुसाळे यांना केवढ्या वर्तुळाचा वेध घ्यावयाचा होता तें कळेल.